बापू कुटी (सेवाग्राम)

बापू कुटी ही महाराष्ट्राच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम आश्रमात असलेली महात्मा गांधी यांची निवासवास्तू आहे. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांपासून बांधलेल्या या कुटीत गांधीजींनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वास्तव्य केले. भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या अखेरच्या पर्वातील अनेक महत्त्वाच्या चर्चा येथे झाल्या. ही कुटी, तिच्याभोवतीच्या इतर कुट्या, प्रार्थनाभूमी आणि वृक्षराजी यांचे जतन ऐतिहासिक निवास-स्मारक म्हणून करण्यात आले असून तिची व्यवस्था सेवाग्राम आश्रम प्रतिष्ठानकडे आहे. विदर्भातील, विशेषतः नागपूर, वर्धा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील शैक्षणिक सहलींचे हे एक प्रमुख स्थळ आहे.

नाव

ज्या गावात आश्रम वसला त्याचे मूळ नाव सेगाव. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव हे संत गजानन महाराजांमुळे प्रसिद्ध असलेले व रेल्वेस्थानक असलेले गाव असल्याने दोन्ही नावांत घोटाळा होई आणि गांधीजींच्या नावे येणारी टपाल भलतीकडे जाई. ही अडचण दूर करण्यासाठी १९४० मध्ये सेगावचे नाव ‘सेवाग्राम’ असे करण्यात आले. ‘बापू कुटी’ हे नाव आश्रमवासीयांच्या बोलण्यातून रूढ झाले. आज व्यवहारात अनेकदा संपूर्ण आश्रम-परिसरालाच बापू कुटी असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ती आश्रमातील अनेक वास्तूंपैकी एक आहे.

इतिहास

पार्श्वभूमी

मार्च १९३० मध्ये दांडी यात्रेस निघताना, स्वराज्य मिळेपर्यंत साबरमती आश्रमात परतणार नाही, असा संकल्प गांधीजींनी केला होता. १९३३ मध्ये तो आश्रम विसर्जित करण्यात आला. पुढे जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी वर्धा हे आपले कार्यक्षेत्र निवडले. विनोबा भावे यांनी १९२१ पासूनच वर्ध्यात आश्रम चालवला होता. शिवाय देशाच्या मध्यभागी असलेले वर्धा मुंबई–कोलकाता लोहमार्गावर होते. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली व त्याचे मुख्यालय वर्ध्यातील मगनवाडी येथे आले. गांधीजीही काही काळ मगनवाडीत राहिले.

ग्रामसेवेचा आग्रह धरणाऱ्याने स्वतः खेड्यात राहिले पाहिजे, या विचाराने त्यांनी वर्ध्यापासून जवळचे सेगाव हे गाव निवडले. जमनालाल बजाज हे या गावाचे मालगुजार होते. गावाची वस्ती सुमारे सहाशे होती आणि तिच्यात दलित कुटुंबांची संख्या मोठी होती. गावाला धड रस्ता नव्हता, पावसाळ्यात चिखलामुळे ये-जा अवघड होई आणि हिवतापाचा उपद्रव होता. मीराबेन (पूर्वाश्रमीच्या मॅडेलीन स्लेड) या गांधीजींच्या आधीपासून येथे काम करत होत्या.

सेगावात आगमन

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी प्रथम सेगावला मुक्कामास आले. काही दिवसांनी ते बाहेरगावी गेले आणि जूनमध्ये परतले, तेव्हा त्यांच्यासाठी एक घर तयार झाले होते. घर बांधताना आसपास मिळणारेच साहित्य वापरावे, गावच्याच कारागिरांकडून काम करून घ्यावे आणि खर्च कमीत कमी ठेवावा, अशी त्यांची अट होती. हेच घर आज ‘आदी निवास’ म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गांधीजींना हिवताप झाला व उपचारासाठी त्यांना वर्ध्याच्या रुग्णालयात न्यावे लागले.

सेगावात एकट्याने राहावे, असा गांधीजींचा सुरुवातीचा विचार होता. परंतु कार्यकर्ते, रुग्ण, अभ्यागत आणि नातलग येत गेले आणि आदी निवासाची एकच खोली अपुरी पडू लागली. मीराबेन यांनी स्वतःसाठी जवळच एक कुटी बांधली होती. तेथे त्या गावकऱ्यांना सूतकताई व पिंजण शिकवत. पुढे ही कुटी गांधीजींच्या निवासासाठी देण्यात आली व गरजेप्रमाणे तिचा विस्तार करण्यात आला. हीच आजची बापू कुटी होय.

राष्ट्रीय घडामोडींचे केंद्र

कुटीत गांधीजी राहू लागल्यावर हे आडवळणाचे खेडे देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, राजेंद्र प्रसाद, खान अब्दुल गफार खान आदी नेते येथे येत. जानेवारी १९३८ मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी लॉर्ड लोथियन यांनी सेगावात मुक्काम केला. जून १९४२ मध्ये अमेरिकी पत्रकार लुई फिशर आठवडाभर येथे राहिले. उन्हाळ्याच्या तडाख्यात पाण्याच्या टबात बसून, टबाबाहेरच्या खोक्यावर टंकलेखनयंत्र ठेवून आपण लेखन केल्याचे त्यांनी नोंदवले आहे.

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात झालेल्या शिक्षण परिषदेतून ‘नई तालीम’ अर्थात मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढे आली. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला, तर आर्यनायकम व आशादेवी या दांपत्याने सेवाग्राम येथे तिचे प्रत्यक्ष प्रयोग केले. ऑक्टोबर १९४० मध्ये सुरू झालेल्या वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी विनोबांची निवड केली. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्धा येथे ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. त्याचीच परिणती पुढील महिन्यात मुंबईतील ‘छोडो भारत’ ठरावात झाली.

१९४२ नंतर

ऑगस्ट १९४२ च्या आरंभी गांधीजी सेवाग्रामहून मुंबईस गेले. ९ ऑगस्ट रोजी त्यांना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध करण्यात आले. त्यांचे सचिव महादेव देसाई यांचे तेथेच १५ ऑगस्ट १९४२ रोजी, तर कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी निधन झाले. ६ मे १९४४ रोजी गांधीजींची सुटका झाली व ऑगस्टमध्ये ते सेवाग्रामला परतले. आश्रमातील बा कुटी व महादेव कुटी या दोन वास्तूंमध्ये त्यांचे मूळ रहिवासी मात्र पुन्हा परतले नाहीत.

२५ ऑगस्ट १९४६ रोजी गांधीजी दिल्लीला जाण्यासाठी सेवाग्रामहून निघाले. त्यानंतर नोआखाली, बिहार, कोलकाता व दिल्ली येथील जातीय दंगली शमवण्याच्या कार्यात ते गुंतले. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला येण्याचा त्यांचा विचार होता. परंतु ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. मार्च १९४८ मध्ये नेहरू, राजेंद्र प्रसाद, मौलाना आझाद, विनोबा भावे, आचार्य कृपलानी आदी सहकारी पुढील वाटचालीचा विचार करण्यासाठी सेवाग्राम येथे जमले. याच संमेलनातून सर्वोदय समाजाची स्थापना झाली.

वास्तुरचना

कुटीची रचना विदर्भातील शेतकऱ्याच्या घरासारखी आहे. लाकडी खांबांवर आढे व वासे बसवून त्यांवर कवेलूंचे उतरते छप्पर घातले आहे. भिंती बांबूच्या कुडाच्या असून त्यांवर मातीचा गिलावा आहे. जमीन मातीची असून ती शेणाने सारवली जाते. छप्पर चहूबाजूंनी पुढे आणल्यामुळे पडवी तयार झाली आहे. पडवीमुळे उन्हाळ्यातील ऊन आणि पावसाळ्यातील झड भिंतींपर्यंत पोहोचत नाही. वर्धा परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. अशा हवामानात मातीची भिंत उष्णता सावकाश आत येऊ देते आणि समोरासमोरील झरोक्यांमधून वारा खेळता राहतो.

मधल्या खोलीत गांधीजींची बैठक आहे. जमिनीवर चटई, त्यावर गादी, पाठीशी टेकण्यासाठी फळी आणि पुढे लिहिण्यासाठी बुटके मेज, एवढीच तिची मांडणी. अभ्यागत समोर जमिनीवरच बसत. मग तो गावचा शेतकरी असो वा सरकारी प्रतिनिधी. भिंतीवर मीराबेन यांनी मातीत उठावाने केलेली चित्रे आहेत. त्यांत चरखा, ताडाची झाडे व ‘ॐ’ हे अक्षर दिसते. लगतच्या भागात रुग्ण वा पाहुणे यांच्यासाठी खोली आणि स्नानगृह आहे. आजारी सहकाऱ्याला आपल्याजवळ ठेवून त्याची शुश्रूषा स्वतः करता यावी, म्हणून ही खोली निवासालाच जोडलेली आहे.

गांधीजींच्या वापरातील काही वस्तू कुटीत जतन केल्या आहेत. त्यांत कंदील, खडावा, काठ्या, कागदांवर ठेवण्याचे दगड आणि तीन माकडांची लहान मूर्ती यांचा समावेश होतो. साप न मारता पकडून दूर रानात सोडण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चिमटा व पिंजरा हेही आश्रमात पाहावयास मिळतात. शेतात वसलेल्या या वस्तीत साप वारंवार निघत. अहिंसेचे व्रत रोजच्या व्यवहारात कसे पाळले जाई, याचे हे ठळक उदाहरण आहे.

आश्रमातील इतर वास्तू

आदी निवास – आश्रमातील पहिली वास्तू. आरंभी गांधीजी, कस्तुरबा, सहकारी व पाहुणे येथे एकत्रच राहत. १९३६ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही काही काळ येथे वास्तव्यास होते.

बा कुटी – आदी निवासातील गर्दीत कस्तुरबांची गैरसोय होत असे. ती लक्षात घेऊन जमनालाल बजाज यांनी त्यांच्यासाठी ही छोटी स्वतंत्र कुटी बांधून घेतली.

आखिरी निवास – १९४६ मध्ये सेवाग्राम सोडण्यापूर्वीचे काही दिवस गांधीजी येथे राहिले, म्हणून हे नाव पडले. ही वास्तू मुळात जमनालाल बजाज यांनी बांधली होती. डॉ. सुशीला नय्यर यांनी येथे दवाखाना चालवला. त्यातूनच पुढे १९४५ मध्ये कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले.

परचुरे कुटी – संस्कृत पंडित परचुरे शास्त्री येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींचे सहबंदी होते. त्यांना कुष्ठरोग झाला होता व त्या काळातील भीतीपोटी समाजाने त्यांना दूर लोटले होते. ते आश्रमात आश्रयास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांच्यासाठी ही कुटी उभारून घेतली व स्वतःच्या हाताने त्यांना मालीश केले.

महादेव कुटी व किशोर निवास – अनुक्रमे महादेव देसाई व किशोरलाल मश्रूवाला यांची निवासस्थाने.

कार्यालय – येथील दूरध्वनी विशेष लक्ष वेधून घेतो. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या काळात गांधीजींशी तातडीने संपर्क साधता यावा म्हणून तो बसवण्यात आला, असे सांगितले जाते.

वृक्ष व परिसर

सेवाग्राम येथे शोभेचे आखीव उद्यान नाही. कुट्यांच्या मधील अंगणे, सावलीची झाडे, विहिरी, शेती व गोशाळा मिळून आश्रमाचा परिसर बनला आहे. वृक्षांची लागवड सावली, फळे आणि प्रार्थनेसाठी मोकळी जागा या गरजांनुसार झालेली आहे. गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांनी लावलेला बकुळ ही झाडे परिसरात दाखवली जातात. कडुनिंब, आंबा इत्यादी झाडेही येथे आहेत. अंगणे मुरूम व बारीक खडीची असून रोज झाडली जातात.

प्रार्थनाभूमी हा परिसराचा मध्यवर्ती भाग आहे. तिला भिंती वा छप्पर नाही. पहाटे व सायंकाळी येथे सर्वधर्म प्रार्थना होते आणि सत्य, अहिंसा, अस्तेय, अपरिग्रह आदी एकादश व्रतांचे स्मरण केले जाते. गांधीजींच्या काळापासून चालत आलेली ही प्रथा आजही सुरू आहे.

आश्रम-परिसरातील वृक्षांविषयी स्थानिकांची भावना २०२० मध्ये दिसून आली. वर्धा–सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी जुनी झाडे तोडण्यास सुरुवात झाल्यावर नागरिकांनी व पर्यावरणप्रेमींनी आंदोलन केले.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांशी संबंध

वर्धा आणि चंद्रपूर हे शेजारचे जिल्हे आहेत. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला. या वनप्रदेशाशी सेवाग्रामचे निकटचे संबंध राहिले आहेत.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी तत्कालीन चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे ‘छोडो भारत’ आंदोलनादरम्यान उठाव झाले. चिमूरच्या उठावामागे तुकडोजी महाराजांच्या भजनांची प्रेरणा होती. त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. उठावानंतर चिमूरमध्ये आलेल्या सैनिकांनी व पोलिसांनी महिलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी झाल्या. त्यांची चौकशी व्हावी, या मागणीसाठी सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी नोव्हेंबर १९४२ मध्ये उपोषण आरंभले. ते पायी चिमूरकडे निघाले असता त्यांना अडवून परत आणण्यात आले. ६३ दिवसांनंतर, १२ जानेवारी १९४३ रोजी हे उपोषण संपले. या काळात स्वतः गांधीजी स्थानबद्ध होते. तरीही आश्रमाची नैतिक भूमिका भन्साळींच्या उपोषणातून देशासमोर आली. चिमूर–आष्टी खटल्यातील फाशीच्या शिक्षा १९४५ मध्ये जन्मठेपेत बदलण्यात आल्या.

हिंगणघाट येथे जन्मलेले व वरोरा येथे वकिली करणारे बाबा आमटे काही काळ सेवाग्राम येथे राहिले होते. त्यांच्या निर्भयतेमुळे गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी त्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली व वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले. १९७३ मध्ये भामरागड परिसरातील हेमलकसा येथे माडिया गोंड आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. अभय बंग यांचे बालपण सेवाग्राम परिसरात गेले व त्यांचे शिक्षण तेथील नई तालीमच्या शाळेत झाले. डॉ. राणी बंग व त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात उभारलेल्या आरोग्यकेंद्राचे ‘शोधग्राम’ हे नाव सेवाग्रामची आठवण करून देते.

जतन

बापू कुटीचे जतन दगडी वा विटांच्या स्मारकाहून वेगळ्या प्रकारचे आहे. मातीची भिंत पावसाने झिजते, बांबू व लाकडाला वाळवी लागते, तर कवेलू वाऱ्याने व माकडांच्या उड्यांनी फुटतात. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणे, भिंतींना नव्याने लिंपण करणे आणि जमीन नियमितपणे सारवणे आवश्यक ठरते. अशा दुरुस्तीत मूळ साहित्याचा काही भाग सतत बदलत राहतो. म्हणून येथे मूळ साहित्याबरोबरच मूळ बांधकामपद्धती, मापे व वापर यांच्या सातत्याला महत्त्व दिले जाते.

ही पद्धत टिकवण्यातही अडचणी आहेत. ग्रामीण भागात सिमेंट व पत्र्याची घरे रूढ झाल्याने हाताने केलेली कवेलू मिळणे आणि कुड विणणारे कारागीर सापडणे कठीण होत गेले आहे. सिमेंटचा वापर केल्यास वास्तू अधिक टिकाऊ होईल. परंतु पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्याने घर बांधावे, हा ज्या विचाराचा ती नमुना आहे, तो विचारच तिच्यातून नाहीसा होईल. वस्तूंच्या सुरक्षिततेचा प्रश्नही वेळोवेळी पुढे आला आहे. आश्रमात ठेवलेला गांधीजींचा चष्मा नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले होते.

वैचारिक प्रभाव

ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथे भरलेल्या परिषदेत बापू कुटीवर भाषण केले. कुटीत बसल्यानंतर सुचलेले विचार त्यांनी त्यात मांडले. सामान ठेवण्यासाठी बांधलेले घर आणि माणसाच्या राहण्यासाठी बांधलेले घर यांत त्यांनी फरक केला. माणूस सुखसोयींवर जितका अवलंबून राहतो तितकी त्याची स्वतःची क्षमता कमी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पर्यायी तंत्रज्ञान व अल्पखर्ची गृहनिर्माण यांवरील चर्चेत या भाषणाचा उल्लेख केला जातो.

दर्शन

आश्रम वर्धा शहरापासून सुमारे ८ किमी व नागपूरपासून सुमारे ७५ किमी अंतरावर आहे. जवळची रेल्वेस्थानके सेवाग्राम (पूर्वीचे वर्धा पूर्व) व वर्धा ही आहेत. चंद्रपूरकडून येणारा लोहमार्ग भांदक, वरोरा व हिंगणघाटमार्गे सेवाग्राम स्थानकास मिळतो. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातून रेल्वेने थेट येता येते. गडचिरोलीहून येणारे प्रवासी प्रायः चंद्रपूर किंवा नागपूरमार्गे येतात.

कुट्यांमध्ये प्रवेश करताना पादत्राणे बाहेर काढली जातात व शांतता पाळली जाते. आश्रम हे केवळ प्रदर्शन नसून आश्रमवासी व कार्यकर्ते येथे राहतात. सूतकताई, प्रार्थना, शेती व सफाई ही कामे चालू असतात. मुक्कामासाठी यात्री निवास आहे. उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस सोयीचा मानला जातो. २ ऑक्टोबर व ३० जानेवारी या दिवशी विशेष कार्यक्रम होतात.

परिसरातील संबंधित स्थळे

वर्धा शहरातील मगन संग्रहालय ग्रामोद्योग व खादी यांना वाहिलेले असून त्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते झाले. धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भावे यांचा परमधाम आश्रम आहे. १९५९ मध्ये त्यांनी तेथे महिलांसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. सेवाग्रामला भेट देणारे अभ्यासक ही दोन्ही स्थळे व वरोऱ्याजवळील आनंदवन यांना जोडून भेट देतात.